श्रोत्यांच्या साक्षीने

पश्चिमेस अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या शिखरापासून पूर्वेस पाथर्डी-शेवगावच्या उघड्या माळांपर्यंत, आणि उत्तरेस गोदावरीपासून दक्षिणेस भीमेच्या काठापर्यंत पसरलेला, १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळामुळे महाराष्ट्रात सर्वांत विस्तीर्ण ठरलेला आणि अलीकडे शासनदप्तरी अहिल्यानगर ह्या नावाने नोंदला गेलेला अहमदनगर जिल्हा हा, इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास, प्रामुख्याने वाटेवरचा मुलूख आहे. येथील पर्जन्यमान तोकडे, जमीन बव्हंशी हलकी, आणि म्हणून येथील मनुष्यास पोटासाठी, देवासाठी किंवा धन्याच्या चाकरीसाठी घराबाहेर पडण्याची, त्याचप्रमाणे बाहेरून आलेल्यास ओसरीवर बसवून घेण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या जडलेली. यादवांच्या पाडावानंतर बहमनी, निजामशाही, मोगल, पेशवे आणि इंग्रज असे अनेक अंमल ह्या भूमीवरून गेले. त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघालेली निवृत्तिनाथांची पालखी, चाऱ्याच्या शोधात फिरणारे धनगरांचे वाडे, गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या भटक्या जमाती, फारसी जाणणारे सुफी फकीर आणि सातासमुद्रांपलीकडून आलेले अमेरिकन पाद्री, ह्या सर्वांच्या वाटा येथे एकमेकींस छेदून गेल्या. परकी माणसे एका गावी मुक्कामास आली म्हणजे देवघेवीपुरती त्यांना दाम आणि माप ह्यांची भाषा पुरते. परंतु समोरचा मनुष्य कोणाच्या नावाने हात जोडतो, कशासाठी रडतो आणि कशास लाजतो, हे त्या भाषेने कळत नाही. ते कळण्यासाठी ह्या जिल्ह्याने शतकानुशतके जे साधन वापरले, ते म्हणजे समोर बसलेल्या श्रोत्यांस तोंडाने सांगितलेली कथा. त्या साधनाचा परिचय करून देणे हा ह्या प्रस्तावनेचा हेतू आहे.

कथा ग्रंथातही असते, हे कोण नाकारील? पंचतंत्रातील करटक-दमनक सहाव्या शतकात इराणात गेले, तेथून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या लेखणीने अरबीत उतरले आणि पुढे युरोपभर पोहोचले. हा प्रवास मुख्यतः पोथ्यांनी घडविला. परंतु पोथी ज्याच्या हाती पडते त्याच्याशी तिच्या कर्त्याची गाठ पडत नाही, आणि म्हणून वाचणाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे लिहिणाऱ्यास कधीच उमगत नाही. सभेत उभा राहून सांगणाऱ्याची स्थिती निराळी. श्रोत्यांचा हुंकार आला नाही, समोरच्या चेहऱ्यांवर ओळख उमटली नाही, तर त्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही. दृष्टान्त बदलावा लागतो, आधीचे पुन्हा उलगडावे लागते, प्रसंगी कथेचा ओघच वळवावा लागतो. परक्या समाजाची कथा अशा सभेत उभी राहते तेव्हा तिला त्या सभेकडून जणू सनद मिळवावी लागते, आणि ही सनद कोणत्याही दरबारातून लिहून मिळत नाही. दोन समाजांमध्ये जो खरा सांधा निर्माण होतो तो सांगणाऱ्याच्या औदार्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या ह्या अधिकारातून निर्माण होतो, असे माझे मत आहे. आणि नगर जिल्ह्याचा इतिहास त्या मताच्या बाजूने भरघोस साक्ष देतो.

ह्या साक्षीचा आरंभ नेवाशापासून करावा लागतो. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी असलेल्या ह्या गावी ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाशी टेकून हे निरूपण झाले असे परंपरा मानते, तो शिलास्तंभ आजही तेथे आहे आणि 'पैस' ह्याच नावाने ओळखला जातो. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या एका निबंधसंग्रहास तेच नाव दिले. ज्ञानेश्वरीला आपण आज ग्रंथ म्हणतो, तिचे मुद्रित पाठ पडताळून पाहतो, तिच्या ओव्यांना क्रमांक देतो. परंतु ती मुळात ग्रंथ म्हणून जन्मलीच नाही, ती सभेत बोलली गेली. म्हणून तिच्यात वक्ता पदोपदी श्रोत्यांकडे वळतो, त्यांचे अवधान मागतो, त्यांच्या अधीरतेला उत्तर देतो, आणि आपण फार लांबलो असे वाटले की क्षमा मागून मूळ पदावर येतो. गुरू निवृत्तिनाथही मधून त्याला आवरतात किंवा पुढे लोटतात. संस्कृतात बंद असलेले तत्त्वज्ञान मराठी शेतकऱ्याच्या अंगणात आणावयाचे हे काम दोन भाषांमधले तर होतेच, पण त्याहून अधिक दोन संस्कृतींमधले होते, कारण ज्या समाजाने ज्ञानदेवांना आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून दूर लोटले त्याच समाजाच्या ज्ञानभांडाराची कवाडे ती दुसऱ्यांसाठी उघडीत होती. पेरणी, मळणी, पाट, बांध, माय-लेकरू ह्यांचे दृष्टान्त ज्ञानदेवांच्या वाणीत दाटीने येतात, ते अलंकारांच्या हौसेने नव्हे. समोर बसलेल्यांना जे ठाऊक आहे त्यावरच पाय देऊन जे ठाऊक नाही तेथवर जाता येते, हे त्यांनी जाणले होते.

त्याच नेवाशाने लोककथेलाही एक कन्या दिली आहे. खंडोबाची म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट नावाच्या लिंगायत वाण्याची लेक, आणि त्याची दुसरी पत्नी बाणाई ही चंदनपुरीची धनगरीण. जागरणात वाघ्या आणि मुरळी रात्रभर ही कथा गातात, तेव्हा देवाच्या घरात म्हाळसा आणि बाणाई ह्यांचे जे भांडण जुंपते त्यात दुकानदार आणि मेंढपाळ, सोवळेओवळे आणि मेंढराची लोकर, गावकूस आणि रान ह्यांचा जुना कलह तोंडावर बोलला जातो. वाण्याच्या घरी जागरण असो की धनगराच्या वाड्यावर, दोन्ही बायका देवाच्याच असल्यामुळे कोणालाही समोरच्या बाजूचे ऐकून घेतल्यावाचून गत्यंतर नसते. गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन पंडिताने आयुष्याचा मोठा भाग धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा-बिरोबांच्या कथा मेंढपाळांच्या तोंडून टिपून घेण्यात वेचला. देवळांच्या शिलालेखांत न सापडणारा दख्खनचा इतिहास ह्या गाणाऱ्यांच्या स्मरणात आहे, हे त्यांनी ओळखले होते. एकाच गावच्या एका टोकास ज्ञानेश्वरीचा खांब आणि दुसऱ्या टोकास जागरणातली म्हाळसा, हा योग मला आकस्मिक वाटत नाही. जेथे माणसे थांबतात तेथे दोन्ही प्रकारच्या कथा रुजतात.

आता महिपतींकडे वळतो, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांना जे स्थान मिळते ते चरित्रकाराचे असते. कथाकार म्हणून त्यांची थोरवी जेवढी सांगितली जावी तेवढी सांगितली गेलेली नाही. राहुरीजवळच्या ताहराबादेस १७१५ मध्ये जन्मलेले महिपती हे गावचे कुळकर्णी. मुसलमान जहागीरदाराच्या कचेरीतून पूजेच्या वेळी बोलावणे आले, ते काम उरकून परतल्यावर त्यांनी कानावरची लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा ती सरकारी दप्तरासाठी न उचलता संतांसाठीच उचलण्याचे व्रत घेतले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म अगदी योग्य आहे, कारण खातेवहीत प्रत्येक कुळाची नोंद जशी त्याच्या नावानिशी होते त्याप्रमाणे महिपतींनी हिंदुस्थानभरच्या भक्तांची नोंद आपल्या वहीत केली. १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या 'भक्तविजया'च्या सत्तावन्न अध्यायांत देहूचे तुकोबा आणि मंगळवेढ्याचा चोखामेळा आहेत. पण त्यांच्याच पंक्तीला काशीचा विणकर कबीर, चर्मकार रोहिदास, जुनागढचा नरसी मेहता, मेवाडची मीरा आणि 'गीतगोविंदा'चा कर्ता जयदेवही आहे. ह्या सर्व कथा आपण कोठून घेतल्या हे महिपतींनी लपविलेले नाही; उत्तरेकडील नाभाजी आणि माणदेशातील उद्धवचिद्घन ह्यांचे ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले आहे.

परंतु नाभाजींचा 'भक्तमाल' अतिशय संक्षिप्त. एकेका भक्तास थोडक्या ओळींत गुंडाळणारा. त्या ओळींतून नरसी मेहत्याची हुंडी काढून ती राहुरीच्या बाजारात वटवावयाची, म्हणजे काय करावयाचे? यात्रेकरू द्वारकेस निघाले आहेत, वाटेत चोरांचे भय आहे, त्यांना रोकड जवळ बाळगावयाची नाही, आणि गावातील टवाळखोर त्यांना ज्याच्या घरात दुसऱ्या वेळची भ्रांत अशा नरसीच्या दाराशी हुंडीसाठी धाडतात. नरसी ती रक्कम संतसेवेत खर्च करून हुंडी लिहून देतो सावळशाहाच्या नावे, आणि द्वारकेत त्या नावाची पेढीच नसते. हुंडी न पटण्याची धास्ती काय असते हे ज्या वाण्याला, पाटलाला, सावकाराच्या दारी बसलेल्या कुणब्याला ठाऊक आहे, तो ह्या कथेत गुजराथी कोण आणि मराठी कोण हे विसरून जातो; आणि स्वतः सावळा हरी पागोटे बांधून, पैशाची थैली घेऊन यात्रेकरूंना शोधीत येतो तेव्हा सभामंडपातील त्या श्रोत्याचा जीव खाली पडतो. महिपतींचे अध्याय चातुर्मासात देवळादेवळांतून लावले जात, वाचणारा वाची आणि अर्थ सांगणारा सांगे. 'श्रोते हो' ही त्यांची हाक पोथीच्या पानापानांतून येते. अक्षरशत्रू असलेल्या सहस्रावधी मराठी माणसांना कबीर, मीरा आणि नरसी हे आपल्याच गणगोतातले वाटतात, ह्याचे श्रेय कोणत्याही शाळेला नाही. ताहराबादच्या ह्या कुळकर्ण्यास आणि त्याच्या पोथीभोवती बसलेल्या श्रोत्यांस ते आहे.

महिपतींच्या ह्या मेळ्यात श्रीगोंद्याचे शेख महंमदही आहेत. जुन्या कागदपत्रांत चांभारगोंदे म्हणून येणाऱ्या ह्या कसब्यात राहून ज्यांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' रचला, ज्यांना मालोजी भोसल्यांनी गुरुस्थानी मानले असे परंपरा सांगते आणि ज्यांच्याविषयी समर्थ रामदासांनी आदराने लिहिले, ते हे सुफी परंपरेतील मराठी संत. देहूस तुकोबांचे कीर्तन चालू असता मंडपास आग लागली आणि त्याच क्षणी श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी हात चोळून ती विझविली, अशी कथा सांगतात. चमत्कार म्हणून ती मानावी असा माझा आग्रह नाही. मला तिच्यात दिसते ते असे की, लोकमनाने वारकऱ्यांच्या कीर्तनमंडपाचा राखणदार म्हणून एका मुसलमान साधूस नेमले, आणि हा नेमणुकीचा कागद कोणत्याही दप्तरात न ठेवता कथेच्या स्वाधीन केला. नगरच्या शाह शरीफ ह्या पिराच्या नावावरून मालोजींनी आपल्या दोन्ही पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही हकीगतही त्याच वातावरणातली. आणि संगमनेरचा शाहीर अनंत घोलप (१७४४-१८१९) हा तर मलिक फंदी नावाच्या फकिराच्या सहवासामुळे जन्मभर अनंतफंदी म्हणून ओळखला गेला. ह्या लावणीकाराला अहिल्याबाई होळकरांनी उपदेश केला आणि मग तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. जामखेड तालुक्यातील चौंडीची ही कन्या आणि संगमनेरचा हा शाहीर, दोघेही ह्याच जिल्ह्याचे.

एकोणिसाव्या शतकात ह्या परंपरेवर एक अगदी नवा प्रसंग आला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरास ठाणे घातले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' पत्र नगराहूनच सुरू झाले. पाद्री बाजारात उभे राहून व्याख्यान देत, लोक वाद घालीत किंवा निघून जात, आणि पुस्तके वाटली तरी वाचणारे थोडे. ह्या अडचणीतून १८६० नंतरच्या काळात मिशनमधील कृष्णराव सांगळे ह्यांनी जो मार्ग काढला तो म्हणजे ख्रिस्ती कीर्तन. कीर्तनाचा सांगाडा पूर्वीचाच: पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्यावर निरूपण करावयाचे, मध्ये नामगजर, आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला उदाहरण म्हणून आख्यान लावावयाचे, ओवी, साकी, दिंडी, आर्या ही वृत्ते आणि साथीची वाद्येही त्याच घराण्याची. फक्त आख्यान ध्रुवाचे किंवा हरिश्चंद्राचे नसून उधळ्या पुत्राचे असे. मराठीपुरते बोलायचे तर हा मार्ग सर्वस्वी नवा नव्हता. थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापले होते आणि ते तेथील चर्चमध्ये लोकांपुढे वाचले जाई. तथापि स्टीफन्सने पुराण घेतले, सांगळ्यांनी कीर्तन घेतले, हा भेद मोठा आहे. पुराण वाचता येते. कीर्तनकाराला उभे राहून, नाचून, गाऊन आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहूनच ते निभवावे लागते.

ह्या उपक्रमाचा हेतू धर्मप्रसार हा होता, आणि तो न झाकता सांगितला पाहिजे. स्वधर्माची कथा दुसऱ्याच्या वाद्यांवर वाजवून त्याला स्वधर्मापासून दूर न्यावे, ह्यात अनेकांना कपट दिसले, आणि ती त्यांची भावना मी हलकी लेखीत नाही. परंतु जे साधन आपण दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी उचलतो ते हळूहळू आपल्यालाच घडवू लागते, हाही अनुभव तितकाच खरा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे नगर आणि राहुरी येथे त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली, कीर्तने केली, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो अशी कबुली ते देत. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. म्हणजे ज्या चिपळ्या परधर्मीयांस जिंकण्यासाठी हाती घेतल्या गेल्या, त्यांनी मराठी ख्रिस्ती मनुष्यास मराठीच ठेवले. आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण वाचत नसून त्यांच्यासमोर बसून ऐकत आहोत असे जे वाटते, त्याचे मूळ ह्या बोलक्या संस्कृतीतच आहे. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईने आपला शिवाशिवीचा पीळ कसकसा सुटत गेला हे ज्या निर्मळपणे सांगितले आहे, तसे सांगण्यास समोर श्रोता आहे ही जाणीव रक्तातच असावी लागते.

शिवाशिवीचा उल्लेख आला म्हणून येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. सभामंडप सर्वांना खुला होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. चोखोबाची कथा देवळात रंगत असता चोखोबाच्या जातीचा श्रोता देवळाबाहेर, आवाज जेवढा पोहोचेल तेवढ्यावर तृप्ती मानून उभा असे. आणि ज्या समाजाला हा विरोध दिसला नाही त्याने ती कथा ऐकली असे मी म्हणणार नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कीर्तनांना महार-मांग मंडळी मोठ्या संख्येने जमत, त्याचे एक कारण आख्यानात होते आणि दुसरे, कदाचित अधिक बलवान कारण, बसावयाच्या जागेत होते. कथन समाजांना जोडते असे आपण सहज म्हणतो. ते कोणाला कोठे बसवून जोडते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

ह्या प्रश्नाला शिर्डीने दिलेले उत्तर अजोड आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या 'साईसच्चरिता'त तेथील रामनवमीच्या उत्सवाची हकीगत आली आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड ह्यांच्या मनात उरूस भरविण्याचे आले आणि १८९७ पासून तो रामनवमीच्या दिवशी भरू लागला. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल ह्यांनी संदलाची मिरवणूक सुरू केली. आणि पुढे १९१२ च्या सुमारास त्याच दिवशी, साईबाबा राहत त्या मशिदीत, पाळणा बांधून रामजन्माचे कीर्तन होऊ लागले. एका दिवशी एका वास्तूत संदलही चढे आणि रामजन्माचे आख्यानही लागे. एकाने दुसऱ्यासाठी आपले काही सोडावे असा ठराव कोणी केला नाही. दरसाल हरिदास कोठून आणावा ही अडचण होती, ती बाबांनी दासगणूंकडे हे कीर्तन कायमचे सोपवून दूर केली.

दासगणू, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, हे १८६८ मध्ये नगर तालुक्यातील अकोळनेर येथे जन्मले आणि आरंभी पोलिसात शिपाई होते. फिरतीच्या नोकरीतला हा मनुष्य साईभक्त नानासाहेब चांदोरकरांबरोबर शिर्डीस आला आणि पुढे कीर्तनकार झाला. एकदा शिर्डीत कीर्तनास निघताना त्यांनी अंगरखा, उपरणे, फेटा असा थाटाचा वेष केला होता. तेव्हा हा नवरदेवासारखा साज कशाला, असे विचारून बाबांनी तो उतरविण्यास सांगितले, आणि तेव्हापासून दासगणू उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या एवढ्याच सामग्रीवर उभे राहू लागले. ही गोष्ट केवळ वैराग्याची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात कथनकलेचा धडाही दिसतो: सांगणाऱ्याचा डौल जितका कमी तितका श्रोता त्याच्या जवळ सरकतो. आणि श्रोते सरकलेही. ठाण्यात कौपीनेश्वराच्या देवळात दासगणूंचे कीर्तन झाले, ते ऐकणाऱ्यांत दिवाणी कचेरीतले चोळकर नावाचे एक गरीब उमेदवार होते. परीक्षा पास होऊन कायम झालो तर शिर्डीस येऊन खडीसाखर वाटीन, असा नवस त्यांनी तेथल्या तेथे बोलला, नोकरी कायम झाल्यावर प्रवासखर्चासाठी चहातली साखर सोडून पै-पै साठविली, आणि शिर्डीस पोहोचताच बाबांनी ह्यांना पुष्कळ साखर घातलेला चहा पाजा असे सांगितले. खेड्यातल्या एका पडक्या मशिदीत राहणाऱ्या फकिराची ओढ ठाण्याच्या हिंदू कारकुनास शिवमंदिरातल्या कीर्तनात लागावी, हे वर्तमानपत्राने घडले नसते. दासगणूंना 'आधुनिक महिपती' म्हणतात ते त्यांच्या ओवीबद्ध संतचरित्रांमुळे. पण महिपतींनी उत्तरेचे संत ताहराबादेस आणले, तसे ह्यांनी शिर्डीचा फकीर मुंबई-ठाण्याच्या चाकरमान्यांपर्यंत नेला, म्हणूनही ती पदवी त्यांना शोभते.

पाथर्डी तालुक्यातल्या मढीचा उल्लेख केल्यावाचून हे प्रास्ताविक पुरे होणार नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणाऱ्या कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या जमातींची जी दाटी होते, गाढवांचा जो बाजार भरतो, त्यात कथांचाही बाजार भरतो. गोपाळांनी गडासाठी दगड वाहिले, बेलदारांनी ते घडविले, कैकाड्यांनी टोपल्या विणल्या, अशा कथा त्या त्या जमातीत सांगितल्या जातात; ज्यांच्या नावावर सात-बाराचा उतारा नाही त्यांनी आपला हक्क कथेत नोंदविला आहे. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात ह्या स्थानाशी कानोबा आणि शाह रमजान माही सवार अशी दोन्ही नावे जोडलेली आढळतात. अशा जोडनावांवरून अलीकडे कज्जे उभे राहतात आणि दोन्ही पक्ष पुरावे म्हणून कागद पुढे करतात. न्यायासनाला कागदच लागतो, हे खरे. पण यात्रेत ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडी दोन्ही नावे एका श्वासात येतात त्यांची साक्ष कोणत्या दप्तरात रुजू करून घ्यावयाची, ह्याचा विचार झाला पाहिजे, आणि तो ती माणसे हयात आहेत तोवर झाला पाहिजे.

आज कीर्तने भ्रमणध्वनीवर ऐकली जातात, आणि परदेशी गेलेल्या मुलांना घरचा आवाज त्यायोगे मिळतो, ही लहान गोष्ट नाही. परंतु ध्वनिमुद्रित कीर्तनकाराला श्रोत्याचा चेहरा दिसत नाही, आणि नावडते वाक्य आले की श्रोता बोटाने त्याला गप्प करू शकतो. मंडपात शेजारी बसलेल्या परक्या माणसाच्या मांडीला मांडी लावून, त्याला हसू कोठे आले आणि डोळ्यांना पदर कोठे लागला हे पाहत जे ऐकणे होते, ते ह्यात उरत नाही. म्हणून ज्यांना हा विषय जाणून घ्यावयाचा आहे त्यांनी पुस्तकावर न थांबता रंगपंचमीस मढीला, रामनवमीस शिर्डीला आणि एखाद्या जागरणाच्या रात्री नेवाशाच्या बाजूस जावे, आणि जाताना आपल्याहून निराळ्या घरात वाढलेल्या कोणास तरी बरोबर न्यावे, अशी माझी विनंती आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे एक पाद्री जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात मराठी संतकवींची चरित्रे इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले आणि पंडित नरहर गोडबोले ह्यांच्या साहाय्याने महिपतींचा 'भक्तविजय' संपूर्ण भाषांतरित केला. तो १९३३-३४ मध्ये, अ‍ॅबट निवर्तल्यानंतर, दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्या मिशनने आपली कथा सांगण्यासाठी नगरास ठाणे घातले होते त्याच मिशनच्या एका सेवकाने येथील कथा ऐकून घेतली, आणि ती आपल्या देशबांधवांपुढे ठेवण्यासाठी म्हातारपणची वर्षे खर्ची घातली. त्या भाषांतरात कबीर आहे, नरसी मेहत्याची हुंडी आहे, श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत. आणि महिपतींनी प्रत्येक अध्यायात श्रोत्यांना घातलेली साद अ‍ॅबटांनी गाळलेली नाही.